खाडीकाठच्या गावांसोबत पूर टाळण्याचा आराखडा करताय? या चुका टाळा

पहिली चूक वेळेची. बैठक शनिवारी सकाळी ११ला ठरते आणि रिकाम्या खुर्च्या पाहून 'लोकांना रस नाही' असा शेरा पडतो. दिवाळे-सारसोळेच्या कोळ्यांचं घड्याळ तिथीवर चालतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ नसते, तेव्हा बरेच जण घरी सापडतात. त्यातही दुपारनंतर जा. सकाळी बायका बाजारात असतात.

नवी मुंबईतली ही गावं महापालिकेत, म्हणजे ग्रामसभा नाही. मग नगरसेवक आणि मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष बोलावून 'लोकसहभाग' उरकला जातो. चिखलात उतरून चिंबोऱ्या, कालवं काढणाऱ्या बायका सोसायटीच्या यादीत सहसा नसतात. गाळ कुठे चढला, हे मात्र त्यांच्या पायांना ठाऊक असतं.

सगळ्यात महागात पडते ती आकड्यांची गफलत. 'भरती ४.८ मीटर' म्हटलं की कुणी तरी विचारतंच, "म्हंजे छपरावरून पाणी?" भरतीच्या तक्त्यातली उंची मोजतात जवळपास नीचतम ओहोटीपासून, जमिनीच्या नकाशातली, सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोहोंत सुमारे २.५ मीटरचा फरक आहे. म्हणजे ४.८ची भरती नकाशावर २.३च्या आसपास. (ही गल्लत शिकलेली माणसंही करतात. मीही केली आहे.) आकडे बाजूला ठेवा आणि खडू घेऊन गल्लीत फिरा. पाणी कुठवर आलं होतं, तिथे खूण करा, मग लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून मोजा. फक्त दोन खुणा वेगळ्या ठेवा: पावसाच्या पाण्याची आणि कोरड्या दिवशी उधाणाला आलेल्या खाऱ्या पाण्याची. २६ जुलै २००५ची खूण एकटीच धरलीत तर उपाय चुकेल. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला होता, म्हणजे ती खूण नुसत्या उधाणाची नाही.

आणि खोटी मान डोलावू नका. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या धारण तलावांचे दरवाजे भरतीला मिटतात, पावसाचं पाणी आत थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. तलाव गाळाने भरले की ही सोय आटते, म्हणून गावकरी म्हणणारच, 'गाळ काढा'. पण आत कांदळवन वाढलंय, आणि २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीही ते तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते. हे पहिल्याच बैठकीत सांगा. लोक चिडतील, पण दुसऱ्या बैठकीला येतील.