भयपट करताना या चुका टाळा: दचका फसतो तो आधीच्या २० सेकंदांत

पहिल्या कटमध्ये, म्हणजे एडिट केलेल्या पहिल्या आवृत्तीत, दचका बसला नाही की दिग्दर्शक बहुधा भुताचाच शॉट दुरुस्त करायला घेतात. मेकअप गडद करतात, आवाज वाढवतात. दोष क्वचितच तिथे असतो. तो आधीच्या वीसेक सेकंदांत शोधावा.

ते दृश्य आवाज बंद करून बघा. दार कुठे, खिडकी कुठे, पात्राची पाठ कोणत्या बाजूला, हे कळतं का? धोका कुठून येऊ शकतो याचा अंदाजच नसेल, तर प्रेक्षक त्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसत नाही, आणि वाट पाहिल्याशिवाय भीती साचत नाही. म्हणून पात्र खोलीत शिरल्यापासून कट न करता चालेल असा रुंद मास्टर शॉट (सगळं दृश्य एकाच फ्रेममध्ये घेणारा) आधी घ्यावा. तो राहून गेला, तर नुसत्या क्लोजअपमधून खोली उभी करणं फार अवघड.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे भूत जास्त वेळ दाखवणं. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगात १८ फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद. पहिल्या दर्शनाला तेवढं खूप झालं. दोन-अडीच सेकंद मिळाले की प्रेक्षक मुखवट्याची शिवण शोधू लागतो.

आवाजाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. दचक्याची ताकद आवाजाच्या पातळीत नसते, आधीच्या शांततेशी असलेल्या फरकात असते. पार्श्वसंगीत सुरुवातीपासूनच कडेलोटाला असेल, तर धक्क्याला वर जायला जागाच उरत नाही. दचक्याआधी तीन-चार सेकंद पंख्याची घरघर, बाहेरच्या रातकिड्यांची किरकिर हळूहळू काढून घ्या. एकदम काढली तर प्रेक्षक सावध होतो. त्यासाठी हे थर वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत, आणि प्रत्येक जागेचा किमान एक मिनिटाचा रूम टोन (कोणी बोलत नसताना त्या जागेत ऐकू येणारा आवाज), सगळ्यांना स्तब्ध उभं करून, सामान आवरायच्या आधी रेकॉर्ड केलेला हवा. तो नसेल तर संवादांच्या मधल्या फटींत पोकळी ऐकू येते, आणि ती भीतीदायक नसते, नुसती कच्ची वाटते.

खोल गुरगुर स्टुडिओत अंगावर येते, पण फोनचे स्पीकर १०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच वाजवत नाहीत. तिच्या जोडीला मधल्या पट्टीतला एखादा खरखरीत आवाज ठेवा आणि अंतिम मिक्स (सगळे आवाज एकत्र जुळवलेला ट्रॅक) फोनवरही ऐका.

अंधारासाठीही दिवे लागतात. फुटेजमध्ये काळ्या भागात दाणे नाचत असतील, तर एक्स्पोजर (कॅमेऱ्याला मिळालेला प्रकाश) कमी पडलंय आणि नंतर ते ओढून उजळ केलंय. काळोख्या सेटवर मॉनिटर आहे त्यापेक्षा उजळ भासतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. पात्राच्या मागून एक दिवा द्या म्हणजे कडा सुटी होते. दृश्य गरजेपेक्षा सुमारे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) उजळ टिपा आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड जुळवताना, खाली आणा. फ्रेममध्ये उजळलेली खिडकी किंवा दिवा असला की उरलेलं काळं खरंच काळं दिसतं. दिवे लुकलुकत असतील तर शटरचा वेग तपासा: ५० हर्ट्झच्या विजेवर १/५० सेकंद, ६० हर्ट्झवर १/६० सेकंद. डिम केलेले स्वस्त एलईडी मात्र तरीही दगा देतात, त्यांची चाचणी आदल्या दिवशी करावी.

नकली रक्ताचंही तसंच. निळ्या प्रकाशात लाल रंग काळा दिसतो, म्हणून ते त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून बघून घ्या. गुलाबी दिसलं तर थोडी कोको पावडर. कपड्यांचे तीन जोड हवेत. रक्त लागलेल्या जोडावर दुसरा टेक होत नाही.

करिअरच्या बाबतीत पहिली चूक लांबीची. २५ मिनिटांच्या लघुपटाला महोत्सवाच्या कार्यक्रमात जागा सापडणं कठीण असतं. दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग यांचा २०१३ चा लघुपट ‘लाइट्स आउट’ तीन मिनिटांच्याही आत संपतो: एक घर, एक बाई, एक दिव्याचं बटण. त्यावरून २०१६ मध्ये त्यांनीच पूर्ण लांबीचा चित्रपट केला. लघुपट आवडला की निर्मात्यांचा पुढचा प्रश्न ‘पूर्ण चित्रपटाची पटकथा आहे का?’ असाच येतो. ती लिहून तयार नसेल, तर उत्सुकता ओसरायला वेळ लागत नाही.

दुसरी चूक कागदांची. एडिटमध्ये तात्पुरतं लावलेलं गाणं हक्क न घेता तसंच राहतं आणि वितरणाच्या वेळी चित्रपट अडकतो. संगीतकार आणि कलाकारांशी लेखी करार चित्रीकरणाआधी करा. शेवटच्या मिक्सनंतर संवाद, संगीत आणि इफेक्ट्स वेगवेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. परभाषेत डबिंग करायचं झालं की वितरक त्याच फाइली मागतो.