हायपर की हायपो? ग्रीक उपसर्ग ओळखायची मराठी वाट

पायरी 1 : शब्द फोडा. हायपो + ग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर कमी, हायपर + ग्लायसेमिया म्हणजे जास्त. उच्चारात फरक निसटता आणि अर्थ मात्र उलटा, म्हणून घाईत वाचू नका.

पायरी 2 : संस्कृत भावंड शोधा. ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे शाळेत घोकलेले उपसर्ग इथे कामाला येतात. हायपर म्हणजे 'उपर्युक्त'मधला उपरि. हायपो म्हणजे उप, उपाध्यक्षातला, एक पायरी खालचा. पेरी म्हणजे परि. पेरिमीटर आणि परिमिती शेजारी ठेवून पाहा. डिस्लेक्सियातला डिस आणि दुष्काळातला दुस् हेही सख्खेच. पण मला सगळ्यात देखणी वाटते ती नकाराची जोडी. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन् हा आपला नियम ग्रीकमध्येही आहे: जसं अज्ञान पण अनादि, तसं लक्षणं नसलेलं ते एसिम्प्टोमॅटिक (इंग्रजी उच्चारात 'ए' झालाय एवढंच) पण ऑक्सिजनशिवाय चालणारं ते अ‍ॅनएरोबिक. अ‍ॅनाटॉमीतला 'अ‍ॅना' मात्र नकाराचा नव्हे.

पायरी 3 : देवनागरीत सारखे दिसणारे वेगळे काढा. खरी गल्लत इथेच होते, आणि इलाज एकच: इंग्रजी स्पेलिंग बघा. अँटिबायोटिकमधला अँटी ग्रीक, 'विरुद्ध' या अर्थाचा. आरोग्य केंद्रात गरोदर बाईची एएनसी तपासणी होते, त्यातल्या अँटिनेटलचा अँटी लॅटिन, अर्थ 'आधी'. त्याच्या स्पेलिंगमध्ये टीनंतर आय नसून ई असतो. डायऑक्साइडचा डाय म्हणजे दोन, डायलिसिसचा डाया म्हणजे आरपार. डिसमध्ये 'वाय' असेल तर तो ग्रीक, 'आय' असेल तर बहुधा लॅटिन, डिस्चार्जमधला. होमोझायगसचा (एका जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेला) होमो म्हणजे सम. होमो सेपियन्सचा होमो लॅटिन, माणूस. तिथे स्पेलिंगही मदत करत नाही.

पायरी 4 : उपसर्ग कशाला लागलाय ते पाहा. हायपोथायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) बहुधा वाढलेला असतो आणि घरचे 'हायपर' म्हणून मोकळे होतात. पण 'हायपो' लागलाय थायरॉइडला. ती ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तिला ढोसायला टीएसएच जास्त सोडते. हायपरथायरॉइडमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट, टीएसएच खाली गेलेला दिसतो.