मोटरहोममधील गिझर: दुरुस्ती कशी करावी आणि बदलायचा झाल्यास कसा बदलावा

मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, गरम पाणी येईनासे झाले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार नवा गिझर घेण्याचा येतो. टाकीलाच भोक पडले असेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. बाकीचे बिघाड मात्र बहुधा एखाद्या स्वस्त सुट्या भागाचे, कोळ्याच्या जाळ्याचे किंवा चुकीच्या बाजूला वळवलेल्या व्हॉल्व्हचे निघतात. अमेरिकेतील मोटरहोममध्ये सर्रास आढळणारा 6 गॅलनचा, म्हणजे सुमारे 23 लिटरचा, प्रोपेन गॅस आणि 120 व्होल्ट वीज अशा दोन्हींवर चालणारा गिझर समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

प्रथम आपल्याकडील टाकी कोणत्या धातूची आहे ते पाहावे. ‘सबर्बन’ कंपनीच्या गिझरची टाकी आतून पोर्सिलेनचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते आणि तिच्या तोंडाशी अॅनोड म्हणजे गंज स्वतःवर ओढवून घेणारी कांडी असते. ‘अॅटवूड’ची (ही कंपनी 2014 मध्ये ‘डोमेटिक’ने घेतली) टाकी अॅल्युमिनियमची असून तिला कांडी नसते, केवळ प्लास्टिकचे बूच असते. या बुचाच्या जागी मजबुतीच्या हौसेने धातूचे बूच बसवू नये, कारण दोन वेगळ्या धातूंच्या संपर्कामुळे टाकीचे आटे खराब होतात.

काम सुरू करण्यापूर्वी

प्रोपेनची टाकी बंद करावी, कॅम्पग्राउंडच्या (मोटरहोम मुक्कामाला लावण्याच्या जागेच्या) विजेची केबल काढावी, 12 व्होल्टच्या बॅटरीचे कनेक्शन सोडवावे आणि पाण्याचा पंप व बाहेरून येणारे पाणी दोन्ही बंद करावे. त्यानंतर टाकी पूर्ण थंड होऊ द्यावी. आतले पाणी 54 ते 60 अंश सेल्सिअस असते आणि दाबाखाली असते. त्यामुळे घाईने अॅनोड सोडवल्यास कांडी आणि उकळते म्हणावे असे पाणी एकदमच अंगावर येते. टाकी थंड झाल्यावर घरातील गरम पाण्याचा एखादा नळ उघडून दाब उतरवावा आणि मगच पान्याला हात घालावा.

पाणी कोमट येते किंवा मुळीच तापत नाही

या तक्रारीत गिझर उघडण्याआधी दोन ठिकाणे पाहावीत. गिझरच्या मागे, बहुधा एखाद्या कपाटाच्या किंवा पलंगाच्या खाली, बायपासचे एक ते तीन व्हॉल्व्ह असतात. हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ द्रव भरताना तो गिझरच्या टाकीत विनाकारण जाऊ नये म्हणून पाणी या व्हॉल्व्हांनी वळवले जाते, आणि वसंतात ते परत फिरवायचे राहून जाते. परिणामी टाकी कोरडी राहते आणि गार पाणीच गरम नळातून येत राहते. दुसरे ठिकाण बाहेरच्या शॉवरचे आहे. त्याचे गरम आणि गार असे दोन्ही नळ उघडे ठेवून केवळ हातातील शॉवरचे बटण बंद केले असेल, तर दोन्ही पाणी तिथे आपसांत मिसळते आणि साऱ्या मोटरहोममध्ये कोमट पाणी येऊ लागते. ही चूक मी स्वतः दोन दिवस शोधत होतो.

गॅसवर पेटत नसेल तर

आतला स्विच सुरू केल्यावर बाहेर गिझरच्या जाळीच्या दारापाशी उभे राहून कान द्यावा. नेहमीच्या क्रमाने थर्मोस्टॅटकडून सर्किट बोर्डाला संकेत जातो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ठिणग्यांची टकटक ऐकू येते आणि फुस्स आवाज करून ज्योत धरते. काही सेकंदांत ज्योत जाणवली नाही, तर बोर्ड गॅस बंद करतो आणि आतल्या पॅनेलवर लाल दिवा लागतो. बिघाड कोणता, ते हा क्रम कुठे तुटतो त्यावरून कळते.

टकटकच होत नसेल, तर प्रश्न विजेचा आहे. फ्यूज पाहावा, त्यानंतर मल्टिमीटरने बोर्डापर्यंत 12 व्होल्ट पोहोचतात का ते तपासावे. सबर्बनमध्ये बाहेरच्या बाजूला काळ्या रबरी आवरणाखाली दोन रिसेट बटणे असतात, एक गॅससाठी आणि एक विजेसाठी. पाणी 82 अंशांच्या आसपास गेले की सुरक्षेसाठी ती उडतात आणि दाबल्याशिवाय पूर्ववत होत नाहीत. वारंवार उडत असतील, तर मात्र थर्मोस्टॅट बदलावा. सारे ठीक असूनही बोर्ड मुका राहिला, तर त्याचा कनेक्टर ओढून काढावा आणि बोर्डाच्या कडेवरील तांब्याच्या पट्ट्या शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात. पट्ट्यांवरचा काळपट थर निघून तांबूस चमक दिसू लागली की कनेक्टर परत दाबून बसवावा. नवा बोर्ड मागवण्याआधी हा उपाय करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

टकटक होते पण ज्योत येत नाही, असे असेल तर आधी स्वयंपाकाची शेगडी पेटवून पाहावी. ती नीट पेटत असेल, तर गॅस येत आहे आणि अडथळा गिझरच्या बर्नरमध्ये आहे. कोळी आणि मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या बर्नरच्या नळीत हमखास शिरतात. नळी सोडवून तिच्यात बाटली धुण्याचा लहान ब्रश फिरवावा आणि हवेने फुंकून घ्यावी. जेटच्या, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या, भोकात मात्र तार किंवा टाचणी खुपसू नये, कारण भोक किंचित जरी मोठे झाले तरी ज्योतीचे प्रमाण बिघडते. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, डोलणारी ज्योत आणि दारावर जमलेली काजळी हे हवा कमी पडत असल्याचे लक्षण आहे.

ज्योत धरते आणि लगेच विझते, तेव्हा दोष बहुधा इलेक्ट्रोडचा असतो, कारण तोच ठिणगी पाडतो आणि बऱ्याच गिझरांत ज्योत लागल्याची खबरही तोच बोर्डाला देतो. त्याचे टोक ज्योतीत राहील असे बसवावे, ठिणगीची फट सुमारे 3 मिलिमीटर ठेवावी, काजळी पुसून घ्यावी आणि चिनी मातीच्या भागाला तडा असेल तर इलेक्ट्रोडच बदलावा.

विजेवर तापत नसेल तर

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, टाकीत पाणी नसताना एलिमेंटला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या विजेच्या कांडीला, वीज दिल्यास तो काही सेकंदांत जळतो. सबर्बनमध्ये आतल्या स्विचखेरीज बाहेर, डाव्या कोपऱ्यात खाली, एक लहान काळा स्विच असतो आणि दोन्ही सुरू असल्याशिवाय वीज पोहोचत नाही. माझ्या पहिल्या गिझरचा एलिमेंट मी असाच जाळला. बायपास फिरवायचा राहिला होता, टाकी कोरडी होती, आणि कॅम्पग्राउंडवर पोहोचल्याबरोबर दोन्ही स्विच मोठ्या उत्साहाने सुरू केले होते.

एलिमेंट तपासणे सोपे आहे. वीज पूर्ण बंद करून त्याच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. 1440 वॅटच्या एलिमेंटचा रोध 10 ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर एलिमेंट तुटला आहे. एखाद्या टोकाचा आणि टाकीच्या धातूचा संबंध येत असेल, तर त्याचा वापर तत्काळ थांबवावा, कारण टाकीला वीज लागलेली असू शकते. बदलताना टाकी रिकामी करून, एलिमेंटसाठीच्या पातळ पत्र्याच्या दीड इंची पान्याने जुना काढावा आणि नव्याबरोबर नवा वॉशरच वापरावा.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो

तापताना ठिबकणारा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा खराब नसतो. टाकीच्या वरच्या भागात हवेची एक पोकळी ठेवलेली असते. ती कालांतराने पाण्यात विरून जाते, मग फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्ह दाब सोडतो. गिझर बंद करून थंड होऊ द्यावा, पाणी बंद करावे, आत गरम पाण्याचा एक नळ उघडावा आणि व्हॉल्व्हचा दांडा वर उचलून पाणी यायचे थांबेपर्यंत धरावा. मग दांडा सोडावा, नळ बंद करावा आणि पाणी सुरू करावे. त्यानंतरही ठिबकत राहिले, तर व्हॉल्व्ह 150 पीएसआय (दाबाचे एकक) आणि 210 अंश फॅरनहाइटचाच नवा आणावा. तेथे बूच मारून गळती थांबवणे म्हणजे टाकीचा बॉम्ब करणे होय.

अॅनोडची कांडी वर्षातून एकदा 1-1/16 इंची सॉकेटने काढून पाहावी. तीन चतुर्थांश झिजली असेल तर बदलावी आणि आट्यांना टेफ्लॉन टेप लावून बसवावी. त्याच वेळी टाकी धुऊन घ्यावी. अॅरिझोना किंवा टेक्सासच्या जड पाण्यावर राहिलेल्या टाकीतून पांढऱ्या क्षारांचे कपचे बाहेर पडताना दिसतात.

गिझर बदलायचा झाल्यास

टाकीच गळत असेल, तर बदल अटळ आहे. नवा मागवण्यापूर्वी बाहेरच्या भोकाची उंची, रुंदी आणि खोली मोजावी, कारण सबर्बन आणि अॅटवूडची ठेवण एकसारखी नसते. एकाच्या जागी दुसरा बसवायचा असेल, तर जोडपट्टी लागते. काढण्याआधी प्रत्येक तारेचा आणि पाइपचा फोटो घ्यावा.

पाण्याचे दोन पाइप, विजेच्या तारा आणि गॅसची नळी सोडवल्यावर बाहेरील चौकटीचे स्क्रू काढून गिझर सरळ बाहेर ओढावा. त्याखालची लाकडी फळी हाताने दाबून पाहावी. ओलीने कुजलेली असल्यास आधी ती बदलावी. चौकटीवरील जुने ब्यूटिल सीलंट (फट बुजवणारा चिकट रबरी थर) खरवडून नवी ब्यूटिल टेप लावावी. ही टेप केवळ पावसासाठी नसते, ज्योतीतून निघणारा धूर घरात येऊ नये यासाठीही असते. म्हणून चौकट चहूबाजूंनी बसल्याची खात्री करावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते पाहावे.

गॅसची फ्लेअर जोडणी (नळीचे तोंड पसरवून केलेली जोडणी) दोन पान्यांनी आवळावी आणि तेथे टेफ्लॉन टेप मुळीच लावू नये, कारण ती जोडणी धातूवर धातू दाबूनच बंद होते. हे काम हाताचे नसेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. प्रोपेन सुरू केल्यावर साबणाचा फेस प्रत्येक सांध्याला लावावा. बुडबुडा आला, तर सांधा परत आवळावा.

यानंतर बायपास नेहमीच्या स्थितीत आणावा, सारे गरम नळ उघडावेत आणि फुसफुसणे थांबून सलग धार येईपर्यंत पंप चालू ठेवावा. आधी गॅसवर पेटवावा. अर्ध्या तासाच्या आतबाहेर पाणी तापते. विजेवर त्याच कामाला पाऊण तास ते एक तास लागतो. तापलेल्या स्थितीत सर्व सांधे परत कोरड्या कागदाने पुसून ओल येते का ते पाहावे आणि पहिल्या प्रवासानंतर, साधारण शंभर मैलांवर, चौकटीचे स्क्रू व पाइपांची टोके एकदा तपासावीत, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी याच वेळी ती ढिली होतात.