फोर्कलिफ्ट उलार होऊ द्यायची नसेल तर

बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलार होते, जू वर जातं, हे आपल्याकडं शेतातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. फोर्कलिफ्टचं तेच, फक्त उलटं: माल पुढं, काउंटरवेट म्हणजे तोलासाठीचं वजन मागं आणि टेकू पुढच्या चाकांचा. माल जड झाला किंवा काट्यांच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पात्यांच्या, टोकाकडं गेला की मागची चाकं उचलतात, आणि स्टिअरिंग मागच्याच चाकांना असतं, मग गाडी ऐकतच नाही.

म्हणून नुसतं अडीच टनाची गाडी आहे म्हणून उचलू नका, आधी गाडीवरची क्षमतेची प्लेट वाचा. ते अडीच टन 500 मिमी लोड सेंटरला असतात, म्हणजे काट्यांच्या उभ्या भागापासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर. तोच मध्य 700 मिमीवर गेला की ती गाडी जेमतेम दोन टनाची उरते, मास्ट, म्हणजे काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, वर नेला की अजून कमी. जिनिंगमध्ये कापसाची गाठ साधारण 170 किलोची, सहा गाठी हजार किलोच्या वर, वजन बसतं हो, पण एकापुढं एक लावल्या की मध्य लांब जातो, आणि बेल क्लॅम्प, म्हणजे गाठी दाबून धरणारा चिमटा, असेल तर त्याचं वजनही त्यातच धरायचं. मागं उचलतंय म्हणून काउंटरवेटवर दोन हेल्पर उभे करतात ना, ते बघून जीव खालीवर होतो. कृपा करून करू नका, माल कमी करा.

बाजूला कलंडायचं वेगळं. गाडीला चार चाकं दिसतात पण तोल तिकोनावर असतो, पुढची दोन चाकं आणि मागच्या एक्सलची मधली पिन. गाडी रिकामी असली की वजन मागं, जिथं तिकोन अरुंद, म्हणून रिकामी गाडी जोरात वळवली की लवकर पडते. बऱ्याच ड्रायव्हरला हे पटत नाही.

चालवताना काटे जमिनीपासून 15-20 सेमी, मास्ट मागं झुकवलेला. समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्स. रॅम्पवर माल कायम चढाकडं, म्हणजे उतरताना रिव्हर्सच, रिकामी असेल तर काटे उताराकडं, आणि रॅम्पवर वळायचं नाही.

तरीही कलंडायलाच लागली तर उडी मारू नका, ओव्हरहेड गार्डखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या लोखंडी छताखाली, सापडतो माणूस. बेल्ट लावलेलाच पाहिजे, स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा आणि पडतेय त्याच्या उलट बाजूला अंग झुकवा.