डोमेन घेतलं, पण येणारे कोण होते?

डोमेन नावांच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांच्या, खरेदी-विक्रीत मी पडलो ते एका आकड्याला भुलून. मुदत संपलेल्या नावांच्या लिलावात एक डॉट कॉम नाव होतं आणि शेजारी लिहिलेलं: रोज 90 भेटी. मी मनातल्या मनात हिशेब केला. नावावर नुसतं जाहिरातींचं पान लावायचं, म्हणजे पार्किंग करायचं. चार-दोन जणांनी क्लिक केलं तरी नूतनीकरणाचा खर्च सुटेल. पहिल्या महिन्यात जमा झालं शून्य. दुसऱ्या महिन्यातही तेच.

तेव्हा या धंद्यात मुरलेल्या एकाने सांगितलं, पार्किंग काढ, स्वतःच्या सर्व्हरवर एक साधं पान ठेव आणि लॉग वाच. लॉग ही सर्व्हरची नोंदवही. कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून), किती वाजता, कोणतं पान मागितलं, कोणत्या लिंकवरून आला, सगळं त्यात उतरतं. तीन दिवसांच्या नोंदी चाळल्या. निम्म्याहून जास्त पाहुणे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान मागत होते. माझ्याकडे वर्डप्रेस नव्हतंच! दारोदार कुलपं हलवून बघणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, होते ते. बाकीच्यांत बहुतेक सर्च इंजिनांचे क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारे प्रोग्राम. माणूस म्हणावेत असे दिवसाला दोन-तीन.

हे दोघे-तिघे कुठून येत होते? जुन्या साइटच्या प्रती जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुनी साइट उघडली तर तिथे फिल्म कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीची माहिती होती. कुठल्यातरी पानावर तिची लिंक अजून शिल्लक होती आणि शटर साफ कसं करायचं ते शोधत लोक माझ्या रिकाम्या पानावर येऊन परत जात होते. जाहिरातीवर ते कशाला क्लिक करतील?

तेव्हापासून भेटी किती यापेक्षा कशामुळे, हे मी आधी बघतो. नाव थेट टाइप करून येणारे सगळ्यात मोलाचे, पण आता ब्राउझरच्या पट्टीत शब्द टाकला की बहुतेकदा सर्चच उघडतं, त्यामुळे तो ओघ आटला आहे. जुन्या लिंकांवरून येणारे त्या लिंका मरतील तसे कमी होतात. आणि जुन्या साइटची सर्चमधली पत आपल्याला आयती मिळेल, अशी आशा धरू नका. मार्च 2024 मध्ये गूगलने केवळ सर्चमधल्या वरच्या क्रमांकासाठी जुनी डोमेन विकत घेऊन त्यावर निकस मजकूर टाकण्याला स्पॅमच ठरवलं.

एका मोहापासून मात्र नवख्यांनी चार हात लांब राहावं. एखाद्या प्रसिद्ध ब्रँडच्या नावातलं एक अक्षर चुकवून केलेली डोमेन मोकळी दिसतात आणि त्यांवर खरी माणसं येतात, लॉगमध्ये अगदी सुरेख दिसतात. पण ती तुमच्याकडे आलेलीच नसतात. 1999 पासून यूडीआरपी नावाची तंटा सोडवायची पद्धत आहे. नाव ट्रेडमार्कशी गोंधळ होईल इतकं सारखं आहे, तुमचा त्यावर रास्त हक्क नाही आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं-वापरलं, या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या की नाव जातं. भरपाई मिळत नाही.

भेटींचे अंदाज देणाऱ्या साइट्स मोठ्या संकेतस्थळांसाठी ठीक, लहान नावांसाठी मी त्या बघतच नाही. कुणी भेटींवरून साइट्सना दिला जाणारा अलेक्सा क्रमांक पुढे केला तर तो माणूस जुन्या जमान्यात आहे समजा; ती सेवा मे 2022 मध्ये बंद झाली.

मोठ्या किमती बहुतेक वेळा भेटींमुळे येतही नाहीत. 2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉम 3 कोटी डॉलरला विकलं गेलं, कारण घेणाऱ्या ब्लॉक डॉट वन कंपनीला त्याच नावाची सेवा काढायची होती. नेमकं तेच नाव हवं असलेला एक गरजू. असा गरजू तुमच्या नावाला कोण असेल, हे सांगता येत नसेल तर नाव घेऊ नका. शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली तरी या धंद्यात बरं चाललंय म्हणतात. नूतनीकरण मात्र शंभराचंही भरावं लागतं. डॉट कॉमचा घाऊक दरच सप्टेंबर 2024 मध्ये 10.26 डॉलर झाला, त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा, नफा वेगळा. माझी पहिली चाळीस नावं घेताना हा गुणाकार मी केलाच नव्हता.

कॅमेऱ्याचं नाव दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. मुदत संपल्यावर काही आठवड्यांनी ते पुन्हा लिलावात दिसलं. शेजारी लिहिलं होतं: रोज 110 भेटी.