वाडीच्या पऱ्यावर वनराई बंधारा घालायचा तर

आमच्या राजापूर तालुक्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिल लागला की वाडीतल्या बायका कळशा मांडून विहिरीचा पाझर भरायची वाट बघत बसतात. जांभ्यात मुरलेलं पाणी टिकत नाही, उताराने समुद्राला जातं. वाडीत ३५ घरं, बहुतेक खलाशांची नाहीतर मजुरी करणाऱ्यांची. मी बचत गटाची सचिव. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा आम्ही कसा घालतो ते शेजारच्या वाड्यांतल्या बायका विचारतात, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

जागा ठरवताना पाणी कोण भरतं त्यांना विचारा. आमच्या बैठकीत पुरुष मंडळींनी देवळाजवळची जागा धरली होती, कारण तिथपर्यंत टेम्पो जातो. मागून एक आजी म्हणाल्या, "तिथलं पाणी दत्तजयंतीला आटतं. उंबराखालच्या कोंडीत शिमग्यापर्यंत असतं." कोंड म्हणजे पऱ्यातला डोह; पन्नास वर्षं त्यांनी तिथून पाणी वाहिलंय. जागा तिथेच ठरली. बैठक खलाशी घरी असतील अशा संध्याकाळी घ्या, आणि बायकांना पुढे बसवा. मागे बसलेली बाई बोलत नाही.

खालच्या अंगाला कुणाची वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, शेती असेल तर गोणी उचलण्याआधी त्यांच्या घरी जाऊन या. कोंड भरली की पाणी वरून पुढे जाणारच, पण हे त्यांना आधी सांगितलेलं बरं. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

काम भातकापणी उरकल्यावर, पऱ्याचा जोर ओसरला पण धार चालू आहे तेव्हा काढा. पाच मीटर रुंद पऱ्यावर कमरेएवढा बंधारा घालायला आम्हाला सिमेंटच्या दोनशेच्या आसपास रिकाम्या गोण्या लागल्या. त्या घरं बांधणाऱ्यांकडे फुकट मिळतात.

पहिल्या वर्षी आम्ही गोण्या सरळ वाळूवर रचल्या. पाणी खालून गेलं, तिसऱ्या दिवशी कोंड रिकामी. मला रडू आलं होतं. दुसऱ्या वर्षी घमेल्याने वाळू, गोटे, कुजलेला पाला सगळं उपसलं. अनवाणी पायाला कातळ खरखरीत लागला पाहिजे, तोवर थांबू नका. गोणी पाऊणच भरा. टच्च भरलेली गोणी गोल राहते, शेजारणीला चिकटत नाही, मधे फट पडते. पाऊण भरलेली पायाने दाबली की पसरते आणि बसते. दाभणाने सुतळी घालून तोंड शिवा. तळाला तीन ओळी, वर जाताना दोन, मग एक, आणि विटांसारखे सांधे मोडत चला. पाण्याच्या बाजूने चिकणमाती थापा. मधला भाग वीतभर खाली ठेवा, जास्तीचं पाणी तिथूनच सांडू दे, नाहीतर ते कडा पोखरतं. माती काठावरून खणू नका, पुढच्या पावसात काठ ढासळतो.

मुंबईचे चाकरमानी म्हणाले, पैसे पाठवतो, मजूर लावा. आम्ही फक्त सुतळी आणि चहासाखरेपुरते घेतले. मजुरांनी घातलेल्या बंधाऱ्याची गोणी फाटली तर शिवायला कोण येणार? प्रत्येक घरातून एक माणूस, दोन रविवार. ज्या घरात म्हातारी एकटीच आहे तिला चहाचं काम. पैशांचा हिशेब वहीत लिहून त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचायचा.

कोंड भरली की फोटो काढा आणि अर्ज करा. साधी विहीर खोल करायची असो की टाकी, तो विषय गाव विकास आराखड्यात आला पाहिजे. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे ठराव मांडा आणि इतिवृत्तात लिहिला गेला का ते स्वतः वाचा. आमचा पहिला अर्ज तोंडी होता, तो कुणालाच आठवला नाही. आता दोन प्रती नेतो, एकीवर शिक्का आणि सहीची पोच घेतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, म्हणून पाण्याची मागणी करताना संकोच बाळगू नका.

विहिरीला पाणी वाढलं तरी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चुकवू नका, हजार लिटरला ५ ग्रॅम.

मे संपायच्या आत, मृगाच्या आधी, बंधारा काढा. माती सुकली की गोण्या झाडा, फाटलेल्या वेगळ्या करा. धड गोण्या आमच्याकडे उंबराजवळच्या घराच्या पडवीत, दाभणासकट, दोरीला बांधून ठेवलेल्या असतात.