घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरला गोव्यात नंबर कसा मिळवावा

गाडीमागे ओढायचा, आत झोपण्या-राहण्याची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर स्वतः बांधायचा असेल, तर वेल्डरच्या हातावर ॲडव्हान्स ठेवण्याआधी आरटीओत एक फेरी मारा. ‘ट्रेलरला इंजिनच नाही, नोंदणी कशाला?’ असं छातीठोकपणे सांगणारे म्हापशापासून काणकोणापर्यंत भेटतील. पण मोटार वाहन कायदा, 1988 ट्रेलरलाही मोटार वाहनच मानतो. विनानोंदणी रस्त्यावर आणलात तर पहिल्या गुन्ह्यालाच दोन ते पाच हजार रुपये दंड.

खरी अडचण सांगाड्याची. भंगारातला ॲक्सल आणि बाजारातले चॅनल जोडून चासी स्वतः बनवायची म्हटलं, तर तुम्ही उत्पादक ठरता. मग केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 प्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची चाचणी आली. एका ट्रेलरसाठी हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मान्यता असलेल्या उत्पादकाची तयार चासी घ्या आणि हौस वरच्या बॉडीवर भागवा.

चासी घेताना फॉर्म 21, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र, आणि फॉर्म 22-अ, म्हणजे वाहन सुरक्षित आणि रस्त्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, याचा पहिला भाग हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 22-अ च्या दुसऱ्या भागावर बॉडी बांधणाऱ्याची सही लागते. अंगणातच काम करणार असाल तर ती सही कोणाची चालेल, हे कार्यालयात आधीच विचारा. नाहीतर ट्रेलर तयार होऊन माडाखाली उभा आणि सही करायला कोणी नाही. चासी नंबर ठोकलेला भाग रंगाखाली बुजू देऊ नका. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकर गंजतो, तेव्हा तिथे ग्रीसचा हात फिरवत राहा. तपासणीत निरीक्षक आधी तो नंबरच शोधतो.

वजनाचा अंदाज कागदावर करू नका, काट्यावर करा. भरलेल्या ट्रेलरचं वजन 750 किलोपर्यंत असेल तर तो टी-1 वर्गात, त्यापुढे 3,500 किलोपर्यंत टी-2 मध्ये. शंभर लिटरची पाण्याची टाकी एकटीच शंभर किलो खाते, शिवाय प्लायवूड, गादी, बॅटरी.

त्याच केंद्रीय नियमांतल्या नियम 47 नुसार ट्रेलरच्या नोंदणीच्या अर्जाला आराखड्याच्या मंजुरीची प्रत जोडावी लागते. त्याची चौकशी पणजीच्या वाहतूक संचालनालयात करा, आणि आराखडा बांधकामाआधीच दाखवा. मग विमा, पत्त्याचा पुरावा, फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), कर, तपासणी आणि शेवटी नंबर प्लेट. मालकीचा वेगळा दाखला आपल्याकडे नसतो. आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, तेवढी सांभाळायची, आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजाही तिच्यावरच चढतो.

अर्जात वापर लिहिताना जपून. केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो आणि त्याची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. हंगामात पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो परिवहन वाहन म्हणूनच नोंदवा. फिटनेसचं प्रमाणपत्र मागे लागतं, पण खासगी आरसीवर धंदा केलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

ओढणाऱ्या गाडीचंही बघा. कंपनीने ठरवलेल्या ओढण्याच्या क्षमतेपेक्षा जड ट्रेलर लावू नका, आणि बाहेरून हुक बसवण्याआधी तो गाडीतला बदल धरला जाईल का, हे त्याच फेरीत विचारून घ्या.